अकरावीची पेशी आणि माथेरानची चिक्की

अकरावी विज्ञानाचे वर्ग सुरू झाले की दोन-तीन महिन्यांत मुलं जीवशास्त्राच्या दोन धड्यांपाशी येऊन अडतात. एक पेशीरचनेचा, दुसरा जैवरेणूंचा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांची तर जास्तच पंचाईत होते, कारण ओळखीची पेशी अचानक इंग्रजीतून समोर येते. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली कुठेही विचारा, प्रश्न साधारण तेच असतात. आकृती तोंडपाठ आहे, मग सूक्ष्मदर्शकात तसं काहीच का दिसत नाही? कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडिन टाकलं, तो निळा का झाला नाही? 50 आणि 30 मिळून 70 कसे? आणि हमखास येणारा एक: माथेरानहून आणलेला मध शुद्ध आहे का, हे कॉलेजच्या लॅबमध्ये कळेल का?

या प्रश्नांची उत्तरं मिळवायला महागडा क्लास लागत नाही. कॉलेजचा एक साधा सूक्ष्मदर्शक, घरातला कांदा-बटाटा आणि पावसाळ्यात घराच्या भिंतीवर उगवणारा हिरवा थर एवढ्यावर बरंच काम होतं. माथेरानला जाणं झालंच, तर येताना चिक्की आणा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

दोन धडे एकत्र वाचा

पाठ्यपुस्तकात पेशीचा धडा आधी येतो आणि जैवरेणूंचा त्याच्या पाठोपाठ. बहुतेक मुलं पहिला संपवून, वही मिटून, दुसऱ्याला हात घालतात. तिथेच घोळ सुरू होतो. पहिल्या धड्यात नुसती नावं राहतात आणि दुसऱ्यात नुसती रासायनिक सूत्रं. त्यापेक्षा पेशीची मोठी आकृती काढा आणि प्रत्येक भागापुढे तो कशाचा बनला आहे ते लिहा:

- पेशीभित्तिका: सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी
- प्रद्रव्यपटल: फॉस्फोलिपिडचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिनं
- केंद्रकातली रंगसूत्रं: डीएनए आणि त्याला बांधून ठेवणारी हिस्टोन प्रथिनं
- रायबोसोम: आरएनए आणि प्रथिनं, भोवती पटल नाही
- बटाट्याच्या पेशीतले पांढरे कण: स्टार्च, म्हणजे पुन्हा ग्लुकोजच

सेल्युलोजही ग्लुकोजचं आणि स्टार्चही ग्लुकोजचं, मग फरक काय? इथे माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उभे असलेले घोडे कामाला येतात. भात-भाकरीतला स्टार्च आपण पचवतो, घोडाही पचवतो. गवतातलं सेल्युलोज फोडणारं विकर मात्र आपल्यापाशी नाही, आणि ऐकून आश्चर्य वाटेल, घोड्याच्या शरीरातही ते तयार होत नाही. घोड्याच्या मोठ्या आतड्यात, विशेषतः त्याच्या भल्यामोठ्या अंधनालात, राहणारे सूक्ष्मजीव ते काम करतात. ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना कोणत्या बाजूने जोडले आहेत, एवढ्यावर हे सगळं ठरतं. स्टार्चमध्ये अल्फा बंध, सेल्युलोजमध्ये बीटा बंध. अल्फा-बीटा नुसतं घोकून विसरायला होतं. गवत खाणारा घोडा डोळ्यांसमोर असेल तर होत नाही.

एक सापळा आताच सांगून ठेवायला हवा. कर्बोदकं, प्रथिनं आणि केंद्रकाम्लं यांचे मोठे रेणू छोट्या घटकांच्या साखळीतून बनतात. मेद तसे बनत नाहीत. ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडली की मेदाचा रेणू पूर्ण होतो, पुढे साखळी वाढत जात नाही. 'खालीलपैकी बहुवारिक नसलेला जैवरेणू कोणता' या प्रश्नात गुण जातात ते इथेच.

चिक्कीचं पाकीट वाचायला शिका

माथेरानच्या बाजारातून आणलेली शेंगदाण्याची पाकीटबंद चिक्की घ्या. फोडण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचा. ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, त्यातली साखर, मेद. जैवरेणूंच्या धड्यातले चारपैकी तीन वर्ग तिथे छापलेले सापडतात. चौथा, केंद्रकाम्लांचा, छापलेला नसतो, तरी शेंगदाण्याच्या पेशीपेशीत डीएनए असतोच. आहारातली ऊर्जा मोजताना तो धरत नाहीत, एवढंच.

आता छोटा हिशेब करा. 1 ग्रॅम कर्बोदकापासून साधारण 4 किलोकॅलरी, 1 ग्रॅम प्रथिनापासून 4 आणि 1 ग्रॅम मेदापासून 9 मिळतात. समजा, 100 ग्रॅम चिक्कीत 55 ग्रॅम कर्बोदकं, 15 ग्रॅम प्रथिनं आणि 25 ग्रॅम मेद आहेत. मग 220, 60 आणि 225 मिळून 505 किलोकॅलरी झाल्या. मेद वजनाने कर्बोदकांच्या निम्म्याहूनही कमी, तरी ऊर्जेत त्यांच्यावर मात करतात. वनस्पती आपल्या बियांत तेल का साठवतात, हे या आकड्यांवरून उमगतं. तुमच्या पाकिटावरचे आकडे घालून बेरीज करून पाहा. छापलेल्या ऊर्जेशी ती जवळपास जुळायला हवी.

ग्राहक म्हणूनही याच पाकिटावर तुमचा हक्क आहे. पाकीटबंद खाद्यपदार्थावर घटकांची यादी, तारीख आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो नसेल तर दुकानदाराला विचारण्यात संकोच करू नका.

पाकीट फोडल्यावरचं काम कॉलेजच्या लॅबमध्ये, शिक्षकांच्या देखत करायचं आहे. चार परीक्षानळ्या मांडा: साधं पाणी, पांढऱ्या साखरेचं पाणी, गुळाचं पाणी आणि मधाचं पाणी. प्रत्येकीत बेनेडिक्ट द्रावण घालून नळ्या उकळत्या पाण्यात धरा. साधं पाणी निळंच राहील. मधाचं पाणी विटेसारखं लाल होईल. गुळाचं हिरवट, पिवळट किंवा नारिंगी होईल, गुळावर अवलंबून. पांढऱ्या साखरेच्या नळीने मात्र अनेकांना चकवा दिला आहे. तिचं पाणी गोडमिट्ट असूनही निळंच राहतं. साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज ही क्षपणकारक शर्करा नव्हे. मधात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. गुळातही सुक्रोजबरोबर त्यांचा थोडा अंश असतो, म्हणून तिथे रंग पालटतो.

मधाच्या शुद्धतेचा प्रश्न इथेच निकालात निघतो. विटेचा लाल रंग आला म्हणून मध अस्सल ठरत नाही. साखरेचा पाक आम्लाने किंवा विकराने फोडून मिसळला असेल तर त्यातही ग्लुकोज-फ्रुक्टोजच असतात, त्यामुळे रंग तोच येणार. काडी पेटवून पाहणं, पाण्यात थेंब सोडणं हे उपायही भेसळ पकडायला कुचकामी आहेत. मधाची खरी तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होते.

प्रथिनांसाठी बाययुरेट चाचणी. चिक्की तशीच वाटून घेतली तर द्रावण गुळाने तपकिरी होतं आणि फिकट जांभळी छटा त्यात हरवते. म्हणून कोरे शेंगदाणे वेगळे वाटून त्यांचं गाळलेलं पांढरट पाणी घ्या. या चाचणीतलं कॉस्टिक सोड्याचं द्रावण कातडी जाळतं आणि मोरचूद विषारी आहे. घरी हा प्रयोग करू नका. मेदाची चाचणी मात्र घरी बिनधोक करता येते. शेंगदाणा कागदावर दाबून घासा, शेजारी पाण्याचा एक थेंब ठेवा आणि अर्ध्या तासाने कागद उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग उडून गेलेला असतो, तेलाचा पारदर्शक डाग तसाच राहतो.

सूक्ष्मदर्शकात काय दिसतं, काय दिसत नाही

पुस्तकातली पेशीची आकृती एका नजरेत टिपलेली नाही, हे आधी समजून घ्या. तिच्यातले बरेच भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलेले आहेत. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकात 10 पटींचं नेत्रभिंग आणि 10 व 40 किंवा 45 पटींची वस्तुभिंगं असतात, म्हणजे 100 ते 450 पट मोठं दिसतं. पण साध्या प्रकाशात सुमारे 200 नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसतच नाहीत, भिंग कितीही वाढवा. रायबोसोम 20 ते 30 नॅनोमीटरचा. तो दिसणार नाही. आंतर्द्रव्यजालिकाही दिसणार नाही. पेशीभित्तिका, केंद्रक, हरितलवक, मोठी रिक्तिका आणि स्टार्चचे कण दिसतात. जे दिसलं तेवढंच प्रात्यक्षिकवहीत काढा. कांद्याच्या पेशीत गॉल्जी संकुल काढून दाखवणारी वही परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

कॉलेजात कांद्याचा पापुद्रा सगळेच पाहतात. पावसाळ्यात त्याहून देखणी गोष्ट फुकट मिळते. घराच्या ओलसर भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर, कौलांवर उगवणारं मखमली हिरवं मॉस. त्याच्या बहुतेक जातींचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं. त्यामुळे काप घ्यावा लागत नाही आणि रंगही द्यावा लागत नाही.

1. चिमूटभर मॉस पाण्यात पाच मिनिटं भिजवा, म्हणजे माती सुटते.
2. चिमट्याने एकच पान ओढून काढा. ते नखाच्या टोकावर मावेल एवढं असतं.
3. काचपट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून त्यात पान पसरा. आच्छादन काच एका कडेने टेकवून हळूहळू आडवी करा.
4. आधी 10 चं वस्तुभिंग लावा. पानाची कड सापडली की मगच मोठ्या भिंगावर जा.

मोठ्या भिंगात एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी दिसतात. प्रत्येकीच्या भिंतीलगत गोलसर हिरव्या चकत्या ओळीने लागलेल्या असतात. ती हरितलवकं. मधली जागा रिकामी वाटते, ती रिक्तिका. केंद्रक मात्र रंग दिल्याशिवाय सहसा ओळखू येत नाही, म्हणून ते शोधत बसू नका. काळ्या ठसठशीत कडेचं, अगदी वाटोळं काही दिसलं तर तो हवेचा बुडबुडा आहे. दरवर्षी कित्येक वह्यांत हा बुडबुडा 'केंद्रक' म्हणून चितारला जातो.

भित्तिका आणि प्रद्रव्यपटल यांतला फरक पाहायचा असेल तर कुंडीतल्या ऱ्हिओचं पान घ्या. त्याच्या खालच्या जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा पाण्यात ठेवून आधी पाहा. सगळी पेशी जांभळी दिसते. मग आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. दोन-चार मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटतो आणि आक्रसत मध्ये गोळा होतो. भिंत जागच्या जागी राहते. आत सरकणाऱ्या जांभळ्या भागाची सीमा जिथे आहे तिथे पटल आहे. मीठ पाण्याबरोबर भित्तिकेतून आरपार जातं, पण पटल त्याला सहजी आत घेत नाही. त्यामुळे पाणी बाहेर पडतं. पुन्हा साधं पाणी सोडलं की पेशी फुगून पूर्ववत होते, मिठाचं पाणी फार कडक नसेल तर.

माथेरानच्या जंगलातून काय आणता येईल?

काहीही नाही. माथेरान 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमातली वनोपजाची व्याख्या वाचली तर तिच्यात गवत, वेली आणि बोरू यांच्या बरोबरीने मॉसचंही नाव आहे. राखीव वनातून चिमूटभर मॉस उचलणंही नियमात बसत नाही. 'प्रोजेक्टसाठी हवं होतं' हे कारण चालत नाही.

मग तिथे करायचं काय? बघा आणि फोटो काढा. जुलै ते सप्टेंबर हा उत्तम काळ. पावसाळ्यात नेरळहून सुटणारी मिनी ट्रेन बंद असते, अमन लॉज ते माथेरान ही शटल तेवढी धावते. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी गाठून पुढे चालत निघालात तर जांभ्याच्या ओल्या दरडींवर मॉस आणि नेचे दिसतील. झाडांच्या खोडांवर राखाडी-हिरवट दगडफूलही दिसेल. दगडफूल हा एकच जीव नव्हे. कवक आणि शैवाल, किंवा कवक आणि नीलहरित जीवाणू, यांची ती एकत्र वस्ती आहे. त्यामुळे एकाच ठिपक्यात दृश्यकेंद्रकी आणि आदिकेंद्रकी पेशी शेजारी नांदत असू शकतात. ते खरवडू नका. ते फार सावकाश वाढतं. आणि चिक्की पिशवीतच ठेवा, वानरं-माकडं तुमच्या जैवरेणूंच्या अभ्यासासाठी थांबत नाहीत.

नेहमीचे घोटाळे

*कांदा निळा होत नाही.* आयोडिनने स्टार्च निळा-काळा होतो, आणि कांदा स्टार्च साठवतच नाही. तो साखर आणि फ्रुक्टन साठवतो. पापुद्र्यावर आयोडिन टाकायचं ते केंद्रक पिवळट-तपकिरी होऊन उठून दिसावं म्हणून. निळा रंग पाहायचा तर बटाटा खरवडून घ्या.

*50 अधिक 30 बरोबर 70.* रायबोसोमच्या आकड्यांपुढचं 'एस' हे वजनाचं एकक नाही. अपकेंद्रित्रात कण किती वेगाने खाली बसतो, त्याचं ते माप आहे. ते वजनाइतकंच आकारावरही अवलंबून असतं, म्हणून दोन भागांची साधी बेरीज लागू पडत नाही. जीवाणूंचा रायबोसोम 70 एस, आपल्या पेशीद्रव्यातला 80 एस (60 आणि 40). तंतुकणिका आणि हरितलवक यांचे स्वतःचे रायबोसोम वेगळे असतात, हे वस्तुनिष्ठ प्रश्नांत हटकून विचारतात.

*प्रत्येक पेशीत केंद्रक असतंच.* नसतं. माणसाच्या, घोड्याच्या, एकूणच सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नाही. कोंबडीच्या तांबड्या पेशीत आहे.

*उकळल्यावर प्रथिनं 'मरतात'.* मेडिकलमधून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर टाकलं की फसफसून ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. ते कॅटॅलेज या विकराचं काम. उकडलेल्या चकतीवर काहीच होत नाही. पण उकडलेल्या अंड्याला बाययुरेट चाचणी लावली तर जांभळा रंग येतोच. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, अमिनो आम्लांची साखळी शाबूत राहते. विकराचं काम घडीवर चालतं, बाययुरेटचा रंग साखळीतल्या बंधांमुळे येतो.

*वनस्पतीत हरितलवक, प्राण्यात तंतुकणिका.* हा सगळ्यांत चिवट गैरसमज. दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि 1939 मध्ये पीएच.डी. झाल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम सी सापडलं. हे प्रथिन तंतुकणिकेत इलेक्ट्रॉनांची ने-आण करतं, आणि श्वसनातून एटीपी तयार होण्याच्या साखळीत त्याची जागा आहे. बटाटा जमिनीखाली, अंधारात, हिरव्या रंगाशिवाय जगतो, त्याला ऊर्जा श्वसनातूनच मिळवावी लागते. हिरव्या पानातही तंतुकणिका असतात आणि त्या दिवसरात्र चालू असतात. 'तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर' हे वाक्य लिहून फार तर अर्धा गुण मिळेल. ग्लुकोजचं विघटन पेशीद्रव्यात सुरू होतं, पायरुवेट तंतुकणिकेत शिरतं आणि बहुतांश एटीपी तिच्या आतल्या पटलावर तयार होतो, एवढं सांगता आलं तर धडा समजला म्हणता येईल.

मायदेशी परतल्यावर सोहोनींनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, कडधान्यं अशा इथल्या रोजच्या अन्नावर संशोधन केलं, आणि नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

वही, लॅब आणि परीक्षा: तुमच्या हातात काय आहे

वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि उजव्या पानावर आठवी-नववीत शिकलेलं मराठी नाव लिहा. जुनी मराठी पुस्तकं रद्दीत गेली असतील तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. शंभरेक संज्ञांची ही यादी एकदा झाली की इंग्रजीची धास्ती बरीच ओसरते.

बारावीच्या बोर्डात जीवशास्त्राला 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे असतात. सूक्ष्मदर्शक कपाटात बंद राहतो आणि काचपट्टी एकाने बनवून बाकीच्यांनी वहीत उतरवायची, असं होत असेल तर गटाने जाऊन शिक्षकांना भेटा आणि स्वतः काचपट्टी बनवण्याची पाळी मागून घ्या. गुणांचा जवळपास तिसरा हिस्सा त्यावर अवलंबून आहे. कॉलेजबाहेर सराव करायचा तर स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश यांच्या गटाने बनवलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक आहे. तो 140 पट मोठं दाखवतो, मॉसच्या पानाला तेवढं पुरतं.

बारावीचा निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी ही छायाप्रत घ्यावी लागते. दोन्हींची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते. छायाप्रत विषयशिक्षकांना दाखवा आणि गुण वाढण्यासारखे आहेत असं ते म्हणाले तरच पुढची फी भरा.

'नीट' देणार असाल तर भाषेचा निर्णय अर्ज भरतानाच घ्यावा लागतो, नंतर तो बदलता येत नाही. 180 पैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. मराठी निवडलीत तर प्रश्नपुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळते, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम मानतात. दोन वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचूनही प्रश्नाचा रोख पकडताना अडखळायला होत असेल तर मराठी घ्यायला हरकत नाही. इंग्रजी सरावाची झाली असेल तर द्विभाषिक पुस्तिकेत प्रत्येक प्रश्न दोनदा वाचण्याचा मोह होतो आणि वेळ जातो. अर्ज भरण्याआधी दोन्ही तऱ्हेच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, आणि कोणत्या भाषेत कमी प्रश्न राहून गेले ते मोजा.